३,११४ मतं मिळवणारा बाहेर आणि ७४६ वाला खासदार? टिपरेरी १८७५ चं नेमकं प्रकरण काय?

कोकणी_कासव

मंडळी, एक शंका आहे, इतिहासवाले आणि कायदेवाले दोघांनीही हात लावा प्लीज.

टिळकांच्या होमरूल लीगबद्दल वाचत होतो, १९१६, बेळगाव, काका बॅप्टिस्टा वगैरे. हे होमरूल प्रकरण मुळात आयर्लंडचं म्हणून तिकडे वळलो आणि तिथून घसरत घसरत रात्री दीड वाजता आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीच्या जुन्या मतदारसंघाच्या निकालांच्या यादीवर जाऊन आदळलो. त्यात १८७५ च्या मार्चमधली पोटनिवडणूक आहे. जॉन मिचेल ३,११४ मतं, स्टीफन मूर ७४६ मतं, आणि पुढे खासदार म्हणून नाव कोणाचं तर मूरचं!

वर बघितलं तर आदल्याच महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत, हाच मिचेल बिनविरोध निवडून आलेला. अजून वर १८६९ ला ओ'डोनोव्हन रॉसा नावाचा माणूस जिंकलाय आणि तो त्या वेळी इंग्लंडच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता म्हणे. म्हणजे या लोकांना दुसरे उमेदवार मिळत नव्हते का? आणि चौपट मतं घेणाऱ्याला बाजूला काढून हरलेल्याला बसवायचं हे कुठल्या कायद्यात बसतं? तेव्हा दंगल बिंगल नाही झाली का?

---

पारावरचा_म्हसोबा

कासवराव, झकास जागी जाऊन आदळलात. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

१८०१ ला आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट बंद करून सगळं लंडनला नेलं तेव्हा प्रत्येक काउंटीला दोन जागा दिल्या. टिपरेरीलाही दोन, आणि त्याशिवाय त्याच काउंटीतल्या क्लॉनमेल आणि कॅशेल या गावांना एकेक वेगळी जागा. कॅशेलची गंमत म्हणजे तिथे जेमतेम २४ मतदार होते आणि पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला रॉबर्ट पील १८०९ ला बापाच्या पैशावर याच सीटवरून पहिल्यांदा पार्लमेंटात गेला. पुढे १८७० ला भ्रष्टाचारामुळे कॅशेलची जागाच रद्द करून टाकली. काउंटीची सीट मात्र वेगळी, तिथे मतदार हजारोंनी, त्यामुळे तिथे विकत घेण्यापेक्षा दाबून घेणं चालायचं, म्हणजे जमीनदार आपल्या कुळांना सांगणार कोणाला मत द्यायचं आणि मत उघड असल्यामुळे कोणी काय केलं ते लगेच कळणार.

आता १८४८. दुष्काळ चालू आहे, बटाटा सडलाय, लोक मरतायत किंवा बोटीत बसून अमेरिकेला चाललेत. त्या जुलैमधे 'यंग आयर्लंड' वाल्यांचा उठाव झाला तो याच टिपरेरीत, बॅलिंगॅरी गावाबाहेर एका विधवा बाईच्या घराला वेढा घालून. पोलीस घरात, बंडवाले बाहेर, काही तासांत खेळ खलास. नेता स्मिथ ओ'ब्रायन याला पुढे थर्लसच्या रेल्वे स्टेशनवर पकडला आणि क्लॉनमेलला खटला चालवून फाशी सुनावली, नंतर ती काळ्या पाण्यावर आली. त्याच उठावातला जॉन ब्लेक डिलन अमेरिकेला निसटला, माफी मिळाल्यावर परत आला आणि १८६५ ला टिपरेरीने त्याला खासदार केला. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्याची सवय इथून लागलीये. फरक एवढाच की डिलन माफी घेऊन आलेला, म्हणजे बसायला पात्र होता.

रॉसाचं तसं नव्हतं. तो फेनियन, क्रांतिकारी गुप्त संघटनेचा माणूस, त्यांच्या पेपरचा मॅनेजर. १८६५ ला पकडला, जन्मठेप झाली. इंग्लंडमधल्या तुरुंगात त्याने साहेबावर मोरीचं भांडं रिकामं केलं म्हणून त्याला दिवसचे दिवस हात पाठीमागे बांधून ठेवलेला, तब्बल ३५ दिवस. ही बातमी बाहेर फुटली आणि कैद्यांना सोडा म्हणून आयर्लंडभर सभा सुरू झाल्या. अशात १८६९ मधे टिपरेरीचा एक खासदार वारला, जागा रिकामी झाली आणि कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की अर्ज विनंत्या पुरे, आपण त्यालाच उभा करू. समोर डेनिस कॉलफील्ड हेरन, लिबरल पक्षाचा कॅथलिक वकील. बिचारा वाईट माणूस नव्हता हो, उलट त्याला स्वतःला तरुणपणी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने कॅथलिक म्हणून स्कॉलरशिप नाकारलेली आणि त्याने ती लढाई जाहीरपणे लढवलेली. पण नोव्हेंबर १८६९ ला निकाल काय? रॉसा १,१३१, हेरन १,०२८. फरक १०३ चा, आणि हे सगळं उघड मतदानात. गुप्त मतदान १८७२ ला आलं.

पार्लमेंटने फेब्रुवारी १८७० ला ठराव करून सांगितलं की हा शिक्षा झालेला गुन्हेगार आहे, बसू शकत नाही, जागा रिकामी. परत निवडणूक. या वेळी चार्ल्स किकम, तोही फेनियन, नुकताच सुटून आलेला, टिपरेरीतल्याच मलिनाहोनचा, लहानपणी बंदुकीच्या दारूच्या स्फोटात ऐकणं जवळपास गेलेलं आणि नजरही अधू झालेली, लेखक माणूस. हेरन १,६६८ आणि किकम १,६६४. चार मतांनी गेला!

मिचेलचं उरलेलं कोणीतरी कायदेवाल्याने घ्या, माझा हात दुखला.

---

काळाकोट

म्हसोबा, तुम्ही दरवेळी खरी मजा माझ्यासाठी ठेवता 😀

मिचेलची फाइल अशी. आयर्लंडच्या उत्तरेकडचा, प्रॉटेस्टंट धर्मगुरूचा मुलगा, पेशाने सॉलिसिटर आणि जहाल संपादक. १८४८ मधे सरकारने खास अशा लोकांसाठी 'ट्रीझन फेलनी' नावाचा कायदा केला, कारण राजद्रोहाला फाशी लागते आणि ज्युरी फाशीला बिचकतात. काही आठवड्यांतच हा त्या कायद्यात अडकला. १४ वर्षं काळं पाणी. आधी बर्म्युडा, मग तेव्हाचं व्हॅन डीमन्स लँड म्हणजे आताचं टास्मानिया. १८५३ ला तिथून पळाला आणि अमेरिका गाठली. म्हणजे शिक्षा पूर्ण केली नाही आणि माफीही घेतली नाही, सगळा घोळ या एका मुद्द्यात आहे.

आता १८७५. टिपरेरीचा एक खासदार राजीनामा देतो, मिचेलचं नाव पुढे येतं, तो अमेरिकेहून निघतो आणि त्याची बोट क्वीन्सटाउन बंदराला लागेपर्यंत इकडे बिनविरोध निवड झालेली असते. त्याने आधीच सांगून टाकलेलं की मी लंडनला जाऊन बसणार नाही. दोन दिवसांत डिझरायली सरकारने ठराव आणला की हा अपात्र आहे, नवीन निवडणूक घ्या. सभागृहात वकिलांची जुंपली. एक बाजू म्हणे १४ वर्षं कॅलेंडरवर कधीच होऊन गेली, आता कसला गुन्हेगार. दुसरी बाजू म्हणे शिक्षा भोगायची असते, पळून जाऊन कॅलेंडर बघायचं नसतं. रॉसाच्या गडबडीनंतर १८७० ला जो फॉरफीचर ॲक्ट झाला त्यातही हेच आहे की शिक्षा भोगून होईपर्यंत किंवा माफी मिळेपर्यंत फेलन, म्हणजे गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस, निवडून येऊ शकत नाही, बसू शकत नाही, मतही देऊ शकत नाही.

टिपरेरीने मार्चमधे परत त्यालाच निवडून दिला, या वेळी गुप्त मतदानाने. पण मधे एक फरक पडला होता. फेब्रुवारीत समोर कोणीच नव्हतं. मार्चमधे कॉन्झर्व्हेटिव्ह स्टीफन मूर उभा राहिला आणि त्याच्या बाजूने मतदारांना जाहीर नोटिसा गेल्या की बाबांनो हा उमेदवार अपात्र आहे, याला दिलेलं मत फुकट जाईल. हा वकिली डाव होता आणि तो लागू पडला. नंतर प्रकरण डब्लिनच्या कॉमन प्लीज कोर्टात गेलं. तत्त्व असं, की अपात्रता लोकांना माहीत नसेल तर निवडणूक रद्द करून परत घ्यायची, पण माहीत असूनही मत दिलं असेल तर ते मत दिलंच नाही असं धरायचं. पार्लमेंटचा ठराव तीन आठवड्यांपूर्वीचा, सगळ्या पेपरात आलेला, वर नोटिसा. तेव्हा ३,११४ मतं 'फेकलेली', आणि शिल्लक राहिला ७४६ वाला मूर. झाला खासदार.

तोपर्यंत मिचेल जिवंतच नव्हता. निकालानंतर आठवडा उलटतो न उलटतो तो २० मार्चला न्यूरीला त्याच्या आईवडिलांच्या घरी वारला.

आपल्याकडचं सांगते, कारण हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच. आपल्या सुप्रीम कोर्टासमोर साठच्या दशकाच्या शेवटी विश्वनाथ रेड्डी विरुद्ध कोनप्पा नाडगौडा ही केस आली होती, दोनच उमेदवार आणि जिंकलेला अपात्र. कोर्टाने दुसऱ्याला विजयी केलं, आणि इंग्रजांची ती नोटिसीची अटसुद्धा लागू नाही म्हणालं. म्हणजे या बाबतीत आपण टिपरेरीपेक्षा कडक.

---

हिशेबनीस

छान चाललंय, पण एक गोष्ट तुम्ही दोघेही उडवून गेलात. मत देत कोण होतं?

म्हसोबा म्हणतात टिपरेरीने निवडून दिलं. कुठल्या टिपरेरीने? १८५० च्या कायद्याने आयर्लंडच्या काउंटीत मत कोणाला, तर ज्याच्या ताब्यातल्या जमीनजागेचं सरकारी मूल्यांकन १२ पौंड किंवा जास्त आहे त्याला. १८६८ ला सुधारणा झाली पण ती शहरांपुरती, काउंटीत १२ पौंडच राहिले. म्हणजे शेतमजूर, गडी, दुकानातली पोरं, सुतार, लोहार, सगळे बाहेर. आणि फेनियनांचा खरा भरणा तर याच लोकांत होता! म्हणजे ज्यांचा रॉसा, त्यांना मत नाही. जे मत देत होते ते बऱ्यापैकी शेती असलेले कुणबी आणि गावचे दुकानदार, ज्यांना जमीनदाराची भीती आहे, पाद्री लोकांचाही फेनियनांना विरोध आहे, आणि गावात उद्या तोंड दाखवायचं आहे मजुरांनाही. त्यामुळे १८६९ चे आकडे बघा, दोघांचे मिळून २,१५९ मतं. १८७१ ला काउंटीची लोकसंख्या होती २ लाख १७ हजारांच्या आसपास. बरेच मतदार सरळ घरी बसले असणार, कोणालाच दुखवायला नको.

हीच लोकसंख्या १८४१ ला ४ लाख ३५ हजार होती बरं का. तीस वर्षांत निम्मी. हा आकडा डोक्यात ठेवला की बाकीचं राजकारण आपोआप कळतं.

आणि दुसरं, लोकांना पार्लमेंटबद्दल एवढी किळस का आली याचं एक कारण फेनियनांच्या आधीचं आहे आणि ते चक्क बँकेचं आहे. टिपरेरी बँक. जॉन सॅडलीर नावाचा वकील-खासदार, भाऊ जेम्स सॅडलीर हा १८५२ पासून टिपरेरीचा खासदार. १८५२ ला आयरिश खासदारांनी शपथ घेतलेली की कुळांचे हक्क मिळेपर्यंत कुठल्याही सरकारात पद घ्यायचं नाही, आणि जॉनसाहेबांनी काही महिन्यांतच मंत्रिपद घेतलं. वर घरचीच बँक, तिच्यातून त्याने स्वतःच्या नावावर दोन लाख पौंडांच्या वर ओव्हरड्राफ्ट उचललेला. फेब्रुवारी १८५६ ला बँक बुडाली, जॉनने लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर जाऊन विष घेतलं. ठेवीदार कोण? टिपरेरी आणि आसपासचे शेतकरी, ज्यांनी दुष्काळातून वाचवून चार पैसे टाकलेले. जेम्स देश सोडून पळाला आणि १८५७ ला पार्लमेंटने त्याला हाकललं. तर मला सांगा, खासदार तोही होता ना, कायदेशीर, पात्र, शपथ घेतलेला? त्यापेक्षा तुरुंगातला बरा असं एखाद्या शेतकऱ्याला वाटलं तर काय चुकलं.

---

पारावरचा_म्हसोबा

हिशेबनीस, बँकेचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावरच सगळा भार टाकू नका. १८५६ आणि १८६९ च्या मधे टिपरेरीने सरळसाधे खासदारही निवडून दिलेत की. डिलनला १८६५ ला दिलं तो पार्लमेंटवर विश्वास ठेवणाराच होता, कॅथलिक बिशप आणि लिबरल यांची मोट बांधत होता बिचारा. तो वर्षभरात कॉलराने गेला.

माझं म्हणणं वेगळं आहे. रॉसा बसू शकणार नाही हे मत देणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मिचेलचं तर दुसऱ्या वेळी कोर्टानेच सांगितलं की माहीत होतं! म्हणजे ते खासदार निवडतच नव्हते. ते सरकारला जाहीर पत्र लिहीत होते आणि पोस्टाचं काम सरकारच्याच निवडणूक अधिकाऱ्याकडून करून घेत होते. हा डाव टिपरेरीचा शोध नाही, १८२८ ला शेजारच्या क्लेअर काउंटीने डॅनियल ओ'कॉनेलला असाच निवडून दिलेला. तो कॅथलिक, आणि तेव्हाच्या शपथेमुळे कॅथलिक माणूस पार्लमेंटात बसू शकत नव्हता. पुढच्याच वर्षी सरकारने कायदा बदलला. पण त्या बदल्यात काय केलं बघा, ज्या ४० शिलिंगवाल्या गरीब मतदारांनी त्याला निवडून दिलं त्यांचा मताचा हक्कच काढून घेतला, मर्यादा १० पौंडावर नेली. सगळ्या आयर्लंडच्या काउंट्या मिळून दोन लाखांच्या वर मतदार होते ते चाळीस हजारांच्या आत आले. हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

---

लिफीकाठची_सई

मी डब्लिनमधे राहते, कामासाठी कॉर्कला जाणं होतं तेव्हा गाडी टिपरेरीतूनच जाते, थर्लस स्टेशन लागतं ते हेच ओ'ब्रायनवालं. १८८४ ला त्याच थर्लसमधे एका हॉटेलात त्यांची हर्लिंग फुटबॉलची जीएए संघटना स्थापन झाली, त्यामुळे इथल्या लोकांना ते गाव राजकारणापेक्षा त्यासाठी जास्त माहीत. बॅलिंगॅरीचं ते विधवेचं घर अजून आहे, सरकारने म्युझियम केलंय.

पण मला मिचेलबद्दल बोलायचंय. वर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा माणूस अमेरिकेत गेल्यावर गुलामगिरीचा उघड समर्थक झाला. चुकून बोलून गेला असं नाही, न्यूयॉर्कमधे स्वतःचा पेपर काढून त्यात लिहिलं की आपल्याला गुलाम असलेला मळा मिळाला तर आवडेल. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लिहीत राहिला, दोन मुलगे त्या सैन्यात मेले. स्वतः काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेला माणूस. इथे अजूनही त्याच्या नावाचे क्लब आहेत, न्यूरीला पुतळा आहे, आणि अलीकडे त्या पुतळ्यावरून वादही झाले. माझ्या ऑफिसमधल्या एका आयरिश सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणे आमच्या शाळेत त्याचं फक्त १८४८ शिकवतात, पुढचं पुस्तक तिथेच मिटतं.

त्यामुळे ३,११४ वाल्याला अन्याय झाला म्हणून फार हळहळायला माझं मन होत नाही. मतदारांवर झाला असं म्हणा हवं तर.

---

काळाकोट

सईताई, बरं केलंत लिहिलंत. आणि शेवटचं वाक्य तर कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कोर्टापुढे माणूस बरा की वाईट हा प्रश्नच नव्हता, मतं धरायची की नाही एवढाच होता.

टिपरेरीचा हा निकाल पुढे शंभर वर्षं पुरला बरं का. १९५५ ला उत्तर आयर्लंडमधे शिन फेन या स्वतंत्र आयर्लंडवाल्या पक्षाचे दोन कैदी निवडून आले. फर्मॅना-साउथ टायरोनला फिलिप क्लार्क, त्याची जागा कोर्टाने हरलेल्या उमेदवाराला दिली. मिड अल्स्टरला टॉम मिचेल, आडनावही तेच बघा! त्याला आधी अपात्र ठरवून पोटनिवडणूक घेतली, लोकांनी परत त्यालाच दिलं, मग जागा हरलेल्या बीटीला गेली. आणि नंतर कळलं की बीटीच एका सरकारी पदावर होता म्हणून तोही अपात्र. परत निवडणूक! आमच्या सीनियरनी ही गोष्ट सांगितली तेव्हा कॅन्टीनमधे सगळे हसत होते.

१९६१ ला लेबर पक्षाच्या टोनी बेनचंही हेच झालं. वडील वारले, लॉर्डपद वारशाने त्याच्या गळ्यात पडलं, लॉर्ड माणूस खालच्या सभागृहात बसू शकत नाही. तो ब्रिस्टलहून परत दणकून निवडून आला, कोर्टाने जागा हरलेल्या कॉन्झर्व्हेटिव्हला दिली कारण मतदारांना सगळं माहीत होतं. १९६३ ला शेवटी लॉर्डपद सोडायची सोय करणारा कायदाच करावा लागला.

---

कोकणी_कासव

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना साष्टांग. पण मग बॉबी सँड्सचं काय? तो १९८१ ला तुरुंगात उपोषणावर असताना निवडून आला ना, त्याला कसं उभं राहू दिलं? आणि दंगल झाली का ते कोणीच सांगितलं नाही 😀

---

काळाकोट

कारण मधे १९६७ ला इंग्लंडने फौजदारी कायदा बदलताना 'फेलनी' हा प्रकारच काढून टाकला आणि उत्तर आयर्लंडमधेही तसंच झालं, मग फेलन नाही तर अपात्रताही नाही. भोक राहून गेलं. सँड्स एप्रिल १९८१ ला ३०,४९३ मतं घेऊन आला, समोरच्याला २९,०४६, मतदारसंघ तोच फर्मॅना-साउथ टायरोन. ५ मेला तो गेला. त्याच वर्षी घाईघाईने कायदा करून वर्षाच्या वर शिक्षा भोगणाऱ्याला उमेदवारी बंद केली. आपल्याकडे दोन वर्षं शिक्षेची रेष आहे, पण नुसता खटला चालू असेल तर तुरुंगातून लढता येतं, १९७७ ला जॉर्ज फर्नांडिस मुझफ्फरपूरहून तसेच आले.

---

पारावरचा_म्हसोबा

दंगलीचं म्हणाल तर कोर्टाच्या निकालावर रस्त्यावर उतरण्यासारखं फार उरलं नव्हतं, माणूसच गेलेला. पण परिणाम झाला, आणि तो दुसऱ्या काउंटीत. मिचेलचा जुना साथीदार आणि मेहुणा जॉन मार्टिन हा मीथ काउंटीचा खासदार होता. मिचेल २० मार्चला गेला आणि त्यानंतर नऊ दिवसांनी मार्टिनही गेला. त्याची जागा रिकामी झाली आणि एप्रिलमधल्या पोटनिवडणुकीत तिथून कोण आलं? चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल! म्हणजे पुढे ज्याने पार्लमेंट बंद पाडून होमरूल ब्रिटिशांच्या गळ्यात मारलं, तो त्या महिन्याच्या मरणातून आत शिरला. कासवराव, तुमचं होमरूल आलं की नाही फिरून.

आणि तुमच्यासाठी एक खास. होमरूलवाल्या खासदारांपैकी आल्फ्रेड वेब हा वेस्ट वॉटरफर्डचा, म्हणजे टिपरेरीला लागून असलेल्या काउंटीतला. तो १८९४ ला मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष होता.

मूरने पाच वर्षं जागा गरम केली. १८८० ला टिपरेरीच्या दोन्ही जागांवर नवीन माणसं आली. एक जॉन डिलन, म्हणजे १८६५ वाल्या डिलनचा मुलगा. आणि दुसरा पी. जे. स्मिथ. हा तो माणूस जो १८५३ ला अमेरिकेहून टास्मानियाला गेला आणि मिचेलला तिथून सोडवून आणण्यात ज्याचा हात होता! पण हा स्मिथ तोवर एवढा मवाळ झालेला की डिलन ज्या लँड लीगमधे, म्हणजे कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत, गळ्यापर्यंत होता तिलाच याचा विरोध. एकाच काउंटीचे दोन खासदार आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

---

हिशेबनीस

१८८५ चं मी पूर्ण करतो. त्या वर्षी नवीन फेररचनेत काउंटीची दोनची एकत्र सीट मोडली आणि चार तुकडे केले, नॉर्थ, मिड, साउथ आणि ईस्ट, प्रत्येकी एक खासदार. त्याआधी १८८४ च्या कायद्याने मजुरांना मत मिळालं, आख्ख्या आयर्लंडचे मतदार सव्वादोन लाखांवरून सात लाखांच्या पुढे गेले. म्हणजे रॉसाला ज्यांनी मत दिलं असतं त्यांना मत मिळालं तेव्हा रॉसा अमेरिकेत होता.

१९१८ ला चारही टिपरेऱ्या शिन फेनकडे. ईस्ट टिपरेरीचा पिअर्स मॅकन तेव्हा ग्लॉस्टरच्या तुरुंगात, तिथेच मार्च १९१९ ला त्या साथीच्या फ्लूने गेला. तो निवडून आला तेव्हा लंडनला बसायचा प्रश्नच नव्हता कारण त्या वेळी पक्षाने जिंकलेल्या ७३ जागांवरचे सगळेच लंडनला न जाता डब्लिनमधे स्वतःची पार्लमेंट भरवायला बसले, म्हणजे जे बाहेर होते ते. पहिली बैठक २१ जानेवारी १९१९, आणि त्याच दिवशी टिपरेरीतल्या सोलोहेडबेगला दोन पोलीस मारले गेले, स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात तिथून धरतात.

---

कोकणी_कासव

आणि आता? टिपरेरी नावाची सीट आहे का अजून?

---

लिफीकाठची_सई

आहे की. पण डब्लिनच्या डॉलसाठी, म्हणजे इथल्या पार्लमेंटसाठी, लंडनचा संबंध १९२२ ला संपला. मधली कित्येक वर्षं नॉर्थ आणि साउथ अशा दोन होत्या, २०१६ ला एकत्र करून पाच जागांची एकच टिपरेरी केली, आणि २०२४ च्या निवडणुकीला परत मोडून नॉर्थ तीन, साउथ तीन. लोक दरवेळी चिडतात, कारण रेघ ओढली की थोडी गावं शेजारच्या काउंटीच्या मतदारसंघात जातात आणि हर्लिंगच्या मॅचला ज्यांच्याविरुद्ध ओरडायचं त्यांच्याबरोबर मत द्यायला लागतं. किकमच्या मलिनाहोनच्या क्लबला त्याचंच नाव आहे, रॉसाच्या नावाचे क्लब इतर काउंट्यांत बरेच. हेरनच्या नावाचा मात्र मला तरी कुठे दिसला नाही.